दुसऱ्यांदा वाचायचं पुस्तक: निवड, आवृत्ती आणि वाचायची रीत

वाचनाची सुटलेली सवय परत लावून घ्यायची म्हटलं की बहुतेक जण एकच चूक करतात. एखाद्या प्रदर्शनातून पंधरा-वीस नवी पुस्तकं पिशव्या भरभरून घरी आणतात. त्यातली दोन वाचून होतात आणि उरलेली घर बदलताना खोक्यात जातात. त्यापेक्षा आधी वाचलेलं आणि आवडलेलं एखादं पुस्तक पुन्हा वाचायला घेणं सोपं असतं, स्वस्तही असतं. नाव-गाव ओळखीचं असल्यामुळे पहिली तीस पानं अडखळायला होत नाही, आणि गोष्टीचं पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे लेखकाने ती सांगितली कशी, याकडे लक्ष जातं.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेले, भाड्याच्या खोलीत एकच फडताळ असलेले, किंवा शाळेनंतर मराठी वाचन सुटलेले वाचक समोर ठेवून हे लिहिलं आहे. संबंध लेखातला मुख्य नियम असा: पहिलं वाचन वाचनालयाच्या प्रतीवर, दुसरंही जमल्यास तिच्यावरच, आणि दुसऱ्या वाचनात पुस्तक टिकलं तरच विकत घ्यायचं.

काय काय लागेल

- वाचनालयासाठी: ओळखपत्र, पुण्यातल्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार किंवा वीजबिल चालतं का ते आधी विचारा), पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, अनामत रक्कम आणि वर्गणी
- मऊ शिशाची पेन्सिल. पेन किंवा हायलायटर नको.
- पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाच्या चिठ्ठ्या, पुस्तकागणिक एक
- पुस्तकात ठेवायला कागदाच्या अरुंद पट्ट्या
- मराठी महिने आणि तिथ्या असलेली भिंतीवरची दिनदर्शिका (ती का, ते चौथ्या पायरीत येईल)

१. यादी आठवणीतून करा, कपाटाकडे बघून नको

एक कोरा कागद घ्या आणि आवडलेल्या पुस्तकांची नावं आठवतील तशी लिहा. दहा-बारा झाली की थांबा. आता प्रत्येक नावापुढे त्यातलं नेमकं काय आठवतं ते एका ओळीत लिहा. निवडीसाठी ही ओळच उपयोगी पडते.

एखादं वाक्य, एखाद्या माणसाची बोलायची ढब, एखादी जागा आठवत असेल तर पुस्तक यादीत राहू द्या. फक्त ‘शेवटी खुनी तो निघतो’ एवढंच आठवत असेल तर काढून टाका, त्याची सगळी गंमत त्या एका धक्क्यात होती. ‘काहीच आठवत नाही, पण तेव्हा रडू आलं होतं’ अशी ओळ असेल तर ते पुस्तक सगळ्यात वर घ्या. तेव्हा काय लागलं होतं ते आता सापडतं की नाही, हे बघण्यासारखं असतं.

इथे दोन फसव्या जागा आहेत. पहिली म्हणजे शाळेचं पाठ्यपुस्तक. ‘श्यामची आई’, ‘स्मृतिचित्रे’, ‘बनगरवाडी’ यांतला एखादा उतारा शाळेत शिकलेला असतो आणि त्यावरून पुस्तकच वाचल्याची खात्री वाटते. स्वतःला एक प्रश्न विचारा: पुस्तकाचा शेवट काय आहे? सांगता आला नाही तर ते तुमच्यासाठी पहिलं वाचन आहे, त्याला तसाच वेळ द्या.

दुसरी फसवी जागा म्हणजे ऐकलेली पुस्तकं. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) अनेकांना त्यांच्या आवाजात पाठ आहे, पण छापील पुस्तक हाती धरलेले त्या मानाने कमी. ते वाचताना शेवटच्या ‘चिंतना’पाशी सूर किती बदलतो ते बघा. आधीच्या सगळ्या हशामागे काय होतं ते तिथे कळतं, आणि मग पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करावीशी वाटते.

२. वाचनालयाचं सभासदत्व घ्या

पुण्यात यासाठी लांब जावं लागत नाही. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आहे. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११चं. टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषदेची वास्तू आहे (संस्था १९०६ची) आणि तिथेही ग्रंथालय आहे. उपनगरात राहत असाल तर आधी आपल्या भागातलं छोटं वाचनालय बघा. जायला-यायला तास लागत असेल तर कितीही समृद्ध ग्रंथसंग्रह असला तरी तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद होतं.

नाव नोंदवण्याआधी देवघेवीच्या टेबलापाशी पाच गोष्टी विचारून घ्या: एका वेळी किती पुस्तकं, मुदत किती दिवसांची, मुदत वाढवून मिळते का आणि फोनवरून मिळते का, दुपारी किती वाजता बंद असतं, साप्ताहिक सुट्टी कोणती. शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. पेठांमधल्या संस्थांच्या वेळा आपल्या कचेरीच्या वेळांना सहसा जुळत नाहीत.

अनामतीची पावती मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. शहर सोडताना ती लागते आणि कागद तोवर हमखास हरवलेला असतो.

जुन्या प्रती ‘संदर्भ’ विभागात असतील तर घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचाव्या लागतात. लहान पुस्तकासाठी ते वाईट नाही. आणि पुस्तक हातात आलं की शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी नीट बघा. गेल्या दहा वर्षांत एकदाच बाहेर गेलेलं पुस्तक मुदत वाढवून घ्यायला अडचण करत नाही. दर पंधरा दिवसांनी शिक्का पडलेलं असेल तर मात्र वेळेत परत करा, मागे कोणीतरी थांबलेलं आहे.

३. आवृत्ती तपासा

या पायरीवर नवे वाचक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर.

मुखपृष्ठ उलटल्यावर, नावाच्या पानामागे छपाईची माहिती असते. त्यात ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे दोन शब्द वेगळे वाचा. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. नव्या आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो: लेखकाने दुरुस्त्या केलेल्या असतील, प्रस्तावना बदललेली असेल, परिशिष्टं गळालेली असतील. ‘संक्षिप्त’, ‘संपादित’, ‘कुमारांसाठी’ यांपैकी कोणताही शब्द दिसला तर थांबा. दुसऱ्यांदा वाचायला कापलेला मजकूर घेण्यात अर्थ नाही. तुम्हाला आठवत असलेली जागा नेमकी कापलेली निघते आणि आपलीच आठवण खोटी की काय असं वाटायला लागतं.

तीन उदाहरणं बघा.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. पुढे तिच्या संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या. पुस्तक हातात घेताच चारही भाग आहेत का ते अनुक्रमणिकेत पाहा. अशोक टिळकांनी संपादित केलेली साक्षेपी आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. बाईंच्या सासरी-माहेरी, नाशकात आणि नगरात येणाऱ्या माणसांचा गोतावळा इतका मोठा आहे की टिपांचा खरोखर आधार होतो.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ म्हणजे १८५७च्या धामधुमीत सापडलेल्या वरसईच्या भिक्षुकाची हकीकत. तो पहिल्यांदा १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला, पण स्वतःचे फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी तो १९६६ साली पुन्हा आणला. बाजारात दोन्ही वळणांच्या प्रती फिरतात. एक वाचली असेल तर दुसऱ्या वाचनाला दुसरी घ्या. भटजींच्या भाषेचा खडबडीतपणा कुठे गुळगुळीत झाला आहे ते ओळीओळीत दिसतं. पुनर्वाचनासाठी याहून रंजक जोडी मराठीत क्वचित मिळेल.

‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये बेचाळीस रात्री आहेत. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे २०११पासून हे पुस्तक कोणीही छापू शकतं आणि अनेक जण छापतात. रात्री मोजा. बेचाळीस नसतील तर खाली ठेवा.

जुन्या बाजारातून किंवा पदपथावरून घेत असाल तर आणखी एक तपासणी. पुस्तकं बहुधा सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांनी बांधलेली असतात, म्हणून पान सुटतं ते एकटं सुटत नाही. अख्खा फॉर्म गायब असतो किंवा दोनदा लागलेला असतो. १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे भराभर बघत जा. प्रस्तावनेची पानं वेगळी मोजली असतील तर सांधे पुढे-मागे सरकतील. अशा वेळी कण्याकडून बघितलं की फॉर्मांचे जुडगे दिसतात, तिथून मोजा. हे करायला दोन मिनिटं लागतात. विक्रेता घाई करत असेल तर हसून चालू ठेवा.

नव्याकोऱ्या, खपाऊ पुस्तकाची प्रत पदपथावर निम्म्या किमतीत दिसली की ती बहुतेक चोरटी छपाई असते. कागद पलीकडचं दाखवणारा, अक्षरं फुटलेली, कणा तीनदा उघडला की पानं हातात. पुन्हा पुन्हा उघडायच्या पुस्तकासाठी ती घेऊच नका. लेखकाला त्यातला एक पैसा मिळत नाही, हे आणखी एक कारण.

४. तुम्ही कोण, त्यावरून पुस्तक ठरवा

*बाहेरगावाहून पुण्याला शिकायला आलेल्यांसाठी* भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३). खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्यात कॉलेजला येतो. पहिल्या वाचनात वसतिगृह, मेस, मित्र, खर्चाचे घोटाळे यांवर हसू येतं, आणि पुढचे दोन महिने आपणही ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ लावून बोलतो. हा आजार आपोआप बरा होतो. दुसरं वाचन शिक्षण संपून नोकरी लागल्यावर करा. या खेपेला वडिलांच्या जागा पेन्सिलीने टिपा, आणि इतिहास-संशोधनाची टिंगल करणारा भाग हळू वाचा. ‘वगैरे’ हा शब्द कुठे नुसता चाळा आहे आणि कुठे पुढचं बोलवत नाही म्हणून आला आहे, हे दुसऱ्या खेपेलाच कळतं. ज्यांना सरळ कथानक हवं आणि नायकाने काहीतरी करून दाखवावं असं वाटतं, त्यांनी इथे वेळ घालवू नये.

*वेळ कमी असलेल्यांसाठी* दोन लहान कादंबऱ्या: विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) आणि पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ (१९६२). ‘रणांगण’ युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते, जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू तिच्यावर आहेत. शेवट इथे सांगत नाही. पण तो कळल्यावर लगेच पहिल्या प्रकरणाकडे परत जा, त्याच आठवड्यात. ‘सावित्री’ फक्त पत्रांतून उलगडते आणि पत्रं एकाच बाजूची आहेत. दुसऱ्या वाचनाचा खेळ सोपा आहे: प्रत्येक पत्राआधी समोरून काय आलं असेल ते मनात जुळवायचं. लच्छी आणि मोराची गोष्ट पहिल्यांदा गोड वाटते. दुसऱ्यांदा पुस्तकाची किल्ली तीच वाटायला लागते.

*टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांसाठी* दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६). हे सलग वाचायचं पुस्तकच नव्हे. महिन्यागणिक लेख आहेत. चैत्र लागला की चैत्र, वैशाख लागला की वैशाख, असं वाचा. वर्षभरात बारा बैठका होतात, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा सुरुवात. दिनदर्शिका त्यासाठी लागते: मराठी महिना इंग्रजी महिन्याच्या मध्यावर कुठेतरी बदलतो, आणि अधिक मास आला की सगळं महिनाभर पुढे सरकतं. (अधिक मासात मागचा लेख पुन्हा वाचा, सोय झाली.) लेख वाचल्यावर दोन-तीन दिवसांत वेताळ टेकडी, तळजाई किंवा एम्प्रेस गार्डनला चक्कर मारा आणि त्यातली किती झाडं ओळखता येतात ते बघा. पहिल्या वर्षी फार थोडी येतात.

*महाभारत मालिकेतून ठाऊक असलेल्यांसाठी* दोन पुस्तकं एकापाठोपाठ. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’, तेही १९६७चंच. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाची कहाणी सहा जणांच्या तोंडून येते: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण. पहिलं वाचन सलग करा. दुसऱ्या वाचनात सगळं वाचू नका, एकाच माणसाचा आवाज धरा. शोणाचा धरून बघा, धाकट्या भावाच्या नजरेतून पुस्तक निराळंच होतं. मग ‘युगान्त’मधला कर्णावरचा लेख वाचा. कर्वेबाईंनी आधार घेतला आहे तो भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या महाभारताच्या मजकुराचा. ते काम पुण्यातच १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. कादंबरीतला कर्ण डोळ्यांत पाणी आणतो आणि लेखातला कर्ण ते पाणी पुसायला लावतो. क्रम उलटा केलात, म्हणजे लेख आधी आणि कादंबरी नंतर, तर कादंबरी बहुधा पुरी होणार नाही.

*पेशवाईची आवड असलेल्यांसाठी* रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२). दुसरं वाचन हातात पुस्तक घेऊन, शनिवारवाडा, पर्वती आणि शेवटी थेऊर अशा टप्प्यांनी करता येतं. थेऊर सोलापूर रस्त्याने पंचवीसेक किलोमीटरवर आहे. थोरले माधवराव १७७२ साली तिथेच गेले. फक्त कादंबरीतले संवाद इतिहास म्हणून कोणाला ऐकवू नका, पुण्यात त्यावर तासभर वाद होऊ शकतो.

*गावाकडे नेमणूक झालेल्या शिक्षकांसाठी आणि ज्यांना कमी शब्दांत लिहायला शिकायचं आहे त्यांच्यासाठी* व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). दुसऱ्या वाचनात विशेषणं मोजा. फारशी सापडणार नाहीत.

*आत्मचरित्रांच्या वाचकांसाठी* दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८). यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे सांगणारा आणि लिहून घेणारा एकच माणूस. पहिल्या वाचनात मुंबईच्या कावाखान्यातलं आणि गावातलं जगणं इतकं अंगावर येतं की या रचनेकडे लक्ष जात नाही. दुसऱ्यांदा तिकडेच बघा: कुठली गोष्ट दगडू सहज बोलतो आणि कुठे आढेवेढे घेतो.

*बोलीभाषेची धास्ती असलेल्यांसाठी* उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०). वऱ्हाडी संवाद डोळ्यांनी वाचताना अडतात, मोठ्याने वाचले की अडत नाहीत. पहिली वीस पानं खोलीचं दार लावून मोठ्याने वाचा. कौतिकचं बोलणं कानात बसलं की पुढे आपोआप जमतं.

*दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी, आणि मराठी अक्षरं वाचायला वेळ लागणाऱ्या मोठ्यांसाठी* भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. पुण्याच्या विद्याभवन शाळेतला हा पोरगा आजही पळतो. मुलांना पुन्हा पुन्हा तेच पुस्तक वाचू द्या. ‘हे झालंय ना वाचून’ असं म्हणून हातातून काढून घेणं ही आपली फार जुनी आणि फार वाईट खोड आहे.

जी. ए. कुलकर्णींच्या कथा कोणासाठी, हे सांगणं अवघड. प्रमाण मात्र सांगता येईल: एका बैठकीला एकच कथा, आणि त्या दिवशी दुसरं काही वाचायचं नाही. ‘काजळमाया’ (१९७२) रेल्वेप्रवासात एका दमात संपवणाऱ्यांना पुढे सगळ्या कथा एकच वाटतात.

५. दोन वाचनांत अंतर किती

ढोबळमानाने तीन हिशेब. लहान आणि घट्ट रचनेचं पुस्तक आठवड्याच्या आत. विनोदी लेख आणि कथासंग्रह वर्षा-दीड वर्षाने, कारण विनोदाचे शब्द विसरायला तेवढा वेळ लागतो. मोठ्या कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं तुमच्या आयुष्यात काहीतरी बदलल्यावर: नोकरी, लग्न, मूल, घरातलं कोणी जाणं. तारखेवर ठरवू नका.

ताप, परीक्षा, नोकरीची नोटीस असल्या काळात लाडकं पुस्तक काढू नका. ते त्या दिवसांना चिकटतं आणि मग कितीतरी वर्षं हातात घेववत नाही. अशा वेळी चिं. वि. जोशींचा चिमणराव बरा.

६. प्रत्यक्ष वाचताना

१. सुरू करण्याआधी चिठ्ठीवर चार ओळी लिहा: कथा काय, कोण आवडलं होतं, कोण नाही, शेवटाबद्दल काय वाटलं होतं. पुस्तक न उघडता लिहा.

२. रोजची पानं ठरवा. पहिल्या वाचनात तासाला साधारण चाळीस पानं होत असतील तर दुसऱ्यात पंचवीस धरा. अडीचशे पानांचं पुस्तक रोज तासभर वाचून दहा दिवसांत होतं. वाचनालयाची मुदत त्याहून कमी असेल तर वाढवून मिळेल याची खात्री आधीच करून घ्या.

३. वाचनालयाच्या प्रतीवर खूण करायची नाही. पेन्सिलीचीही नाही. थांबावंसं वाटलेल्या जागी कागदी पट्टी ठेवा आणि पान क्रमांक चिठ्ठीवर लिहा. परत करताना सगळ्या पट्ट्या काढा. रंगीत चिकट कागद नकोत, जुन्या कागदाचा पापुद्रा त्यांच्याबरोबर निघून येतो. स्वतःच्या प्रतीत समासात एक बारीक ठिपका पुरे. अख्खी ओळ अधोरेखित केली की तिसऱ्या वाचनात डोळा तिथेच धावतो आणि शेजारची ओळ कायमची हुकते.

४. पहिलं आणि शेवटचं प्रकरण एकाच दिवशी, एकापाठोपाठ वाचून बघा. कादंबरीची बांधणी बघायला याहून सोपी युक्ती नाही.

५. पन्नास पानांनंतर कंटाळा येत असेल तर खुशाल सोडा. चिठ्ठीवर ‘सुटलं’ लिहा आणि तारीख घाला. पंधराव्या वर्षी आवडलेलं चाळिसाव्या वर्षी आवडलंच पाहिजे अशी काही सक्ती नाही. पण कुठल्या पानावर सुटलं ते लिहायला विसरू नका.

६. झाल्यावर चिठ्ठीच्या मागे पुन्हा त्याच चार ओळी लिहा आणि पुढच्या बाजूशी ताडून बघा. ‘कोण आवडलं होतं’ या ओळीत नाव बदललं असेल तर हे पुस्तक विकत घ्यायच्या लायकीचं आहे.

७. आता विकत घ्या

अप्पा बळवंत चौकात जाताना लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि हवी ती आवृत्ती कागदावर लिहून न्या. तिथला मोठा व्यवहार पाठ्यपुस्तकं आणि परीक्षांच्या मार्गदर्शकांचा आहे. शाळा उघडायच्या सुमाराला, म्हणजे जूनच्या आगेमागे, गेलात तर उभं राहायलाही जागा मिळत नाही आणि दुकानदाराला तुमच्या १९३९च्या कादंबरीत रस घ्यायला सवड नसते. साहित्याची पुस्तकं निवांत चाळायची असतील तर बाजीराव रस्त्यावरची आणि डेक्कनकडची दुकानं बरी पडतात. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो (२०२३पासून), तिथे प्रकाशक स्वतःच आलेले असल्याने ‘छापील प्रत संपली आहे का, पुन्हा कधी येणार’ हे थेट विचारता येतं. महोत्सवाला जाताना पैसे मोजून न्या आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशात ठेवा. दुसऱ्या वाचनात टिकलेलीच पुस्तकं घ्यायची असा नियम आहे, आणि तिथली सवलत तो मोडायला लावते.

पुस्तक छपाईत नसेल तर घाबरू नका. हक्क संपलेली बरीच जुनी मराठी पुस्तकं इंटरनेटवर मोफत आणि कायदेशीर मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची प्रकाशनं उतरवून घेता येतात.

पुठ्ठाबांधणी आणि साधी बांधणी यांत दोनदा-तीनदा वाचायच्या पुस्तकाला पुठ्ठाबांधणीच घ्या. कणा उघडून बघा: दोऱ्याने शिवलेलं असेल तर उत्तम, नुसतं डिंकाने चिकटवलेलं असेल तर तिसऱ्या वाचनाला पानं मोकळी होतील.

८. पावसाळ्यातून पुस्तकं वाचवा

पुण्याच्या पावसाने पुस्तकं भिजत नाहीत, दमटपणाने खराब होतात. फडताळ बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढून ठेवा आणि पुस्तकं दाटीने कोंबू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या पुस्तकाला आतूनच बुरशी धरते. पाऊस सरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात एक दिवस सगळी बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर उभी उघडून ठेवा. थेट उन्हात कागद पिवळा पडतो आणि कण्याचा डिंक तडकतो. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्याच्या पुरचुंडीत ठेवा. ओला ठेवलात तर तोच ओल आणतो.

सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दोन-तीन वर्षांत ती तपकिरी होते, तिचा डिंक पुढच्या पानात उतरतो आणि अक्षरं उचलून नेतो. त्याऐवजी खळ करा: दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून मंद आंचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचा. गार झाल्यावर ब्रशने पानाच्या कडेला पातळ हात द्या, पान बसवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. घरची खळ दोन-तीन दिवसांत आंबते, लागेल तेवढीच करा. बांधणीवाले कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात त्या वाटेला जाऊ नका. अख्खा कणा निखळला असेल तर सरळ बांधणीवाल्याकडे द्या आणि ‘कडा कापू नका’ हे बजावून सांगा. नाहीतर तुमचे समासातले ठिपके तो कापून टाकतो.

९. उसनं देताना

पुस्तकाची चिठ्ठी काढून घेऊन तिच्यावर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, आणि ती चिठ्ठी फडताळात पुस्तकाच्या रिकाम्या जागी उभी ठेवा. वहीत केलेली नोंद कोणी बघत नाही, रिकामी जागा रोज दिसते. पुस्तकात एक कोरी कागदी पट्टी पहिल्या पानापाशी ठेवून द्या. परत आल्यावर ती कुठे आहे ते पाहा. बाराव्या पानावर असेल तर पुढच्या खेपेला त्या माणसाला ‘रणांगण’ द्या. शेवटच्या पानापाशी असेल तर ‘स्मृतिचित्रे’ द्यायला हरकत नाही, पण चारही भाग एका पुठ्ठ्यात असलेली प्रत असेल तर महिनाभराने आठवण करा.